कच्च्या लिंबाचा डाव

आमच्या लहानपणी अंगणात डाव मांडला की जे मूल वयाने धाकटे, अंगाने जड किंवा दमाने उणे असे, त्याला 'कच्चा लिंबू' ठरवले जाई. कच्च्या लिंबाला खेळात घेत. पण तो बाद झाला तरी त्याच्यावर राज्य येत नसे आणि त्याने कोणाला शिवले तरी ते शिवणे धरले जात नसे. त्या व्यवस्थेत मोठ्या मुलांची माया होती हे मी आज मान्य करते. बालदम्यामुळे सलग तीन उन्हाळे मी कच्चा लिंबू होते, आणि त्या उन्हाळ्यांतले धापा टाकणे आता मला फारसे आठवत नाही. आठवते ते हे की मी धावले काय आणि उभी राहिले काय, डावाला त्याने काहीच फरक पडत नव्हता. चौथ्या उन्हाळ्यात दमा पुष्कळ कमी झाला होता, तरीही मी अंगणात उतरले नाही. पडवीत पुस्तक घेऊन बसून राहिले, आणि घरच्यांनी आल्यागेल्याला सांगितले की हिला खेळाची आवडच नाही.

गेली बावीस वर्षे मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. या काळात 'याला खेळाची आवड नाही' हे वाक्य मी स्वतः किती मुलांविषयी पालकांना सांगितले असेल याची मोजदाद नाही. ते वाक्य मला पहिल्यांदा टोचले ते माझ्या भाच्यामुळे, आणि खोटे ठरले ते फ्लोअरबॉल या छपराखाली स्टिक आणि हलक्या चेंडूने खेळायच्या खेळामुळे. भाऊ आणि वहिनी नोकरीनिमित्त कुवेतला गेले तेव्हा तो सातवीत होता, आणि त्या जूनपासून तो साखळी गावी आमच्याकडे राहू लागला. स्वभावाने अतिशय लाघवी, वाचनाचा नाद असलेला हा मुलगा घराच्या वीस-बावीस पायऱ्या चढून आला की उंबरठ्यावर बसून घेई आणि श्वास जागेवर येईपर्यंत बोलत नसे. म्हापशाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या पाहून सांगितले की मुलाला आजार काही नाही, तो हलत नाही एवढेच. औषधाच्या जागी त्यांनी रोज एक तास घाम येईल असा खेळ लिहून दिला.

डॉक्टरांचा कागद अमलात आणणे आम्हाला वाटले होते तेवढे सोपे नव्हते. त्याला आम्ही एका क्रिकेट शिबिरात घातले. तिथे तीन दिवस त्याला सीमारेषेवर उभे केले आणि चौथ्या दिवशी त्याच्या हाती धावा लिहायची वही दिली. त्याचे अक्षर सुरेख असल्यामुळे ती वही शिबिर संपेपर्यंत त्याच्याकडेच राहिली. फुटबॉल हा तर 2012 पासून गोव्याचा अधिकृत राज्यखेळ, आणि आमच्या वाड्यावरची मुले भर पावसात चिखलाने माखून तो खेळतात. त्यांनी याला गोलरक्षक केले, कारण गोलरक्षकाला धावावे लागत नाही. आणि पहिल्या दोन गोलांनंतर त्यालाही घरी यावेसे वाटले, इतरांनाही त्याने घरी जावेसे वाटले. "आते, मला खेळायला नको असं नाही," तो एकदा रात्री जेवताना म्हणाला, "मी असलो की त्यांचा खेळ बिघडतो." बारा वर्षांच्या मुलाने आपल्या अडचणीचे इतके नेमके निदान करावे याचे मला फार वाईट वाटले.

गोव्यात मुलांना खेळायला जागेची काय ददात, असे बाहेरचा माणूस विचारील. मी शाळेत जात असे तेव्हा जाऊन-येऊन तीन-साडेतीन किलोमीटर चालणे होत असे. वाटेत व्हाळ, म्हणजे ओढा, व्हाळावरचा साकव, आणि पीक काढल्यावर मोकळा पडलेला मळा. आता मुले सरकारी योजनेतील बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, बसून येतात. बालरथ ही दूरच्या वाड्यांवरच्या मुलांसाठी, विशेषतः मुलींसाठी, फार मोठी सोय आहे आणि ती जाऊ नये असेच मी म्हणेन. मात्र त्या सोयीने दिवसाचे पाऊणएक तासाचे चालणे नकळत काढून घेतले, आणि त्याच्या बदल्यात दुसरे काही द्यायचे कोणाच्या ध्यानात आले नाही. खाणपट्ट्यातल्या रस्त्यांवर खनिजाच्या ट्रकांच्या भीतीने मुलाला सायकलवर सोडवत नाही. मळ्याच्या कडेच्या बुटक्या दगडी गडग्यांच्या जागी ठिकठिकाणी कुंपणाच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत. शाळा दुपारी दीडच्या सुमारास सुटते. मग जेवण, मग शिकवणी, आणि शिकवणीहून घरी पोहोचेपर्यंत दिवेलागण झालेली असते. मोबाइलला दोष देणे सोपे आहे, आणि तो दोष खराही आहे. पण मुलाच्या हातात मोबाइल आला तेव्हा त्याचे दुसरे सगळे हिरावून झालेले होते, हेही तितकेच खरे आहे.

पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी किमान 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याच संघटनेच्या संशोधकांनी 146 देशांतील सुमारे 16 लाख शाळकरी मुलामुलींची माहिती एकत्र करून 2019 मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात 11 ते 17 वयोगटातील 81 टक्के मुले या मापात बसत नाहीत असे आढळले. मुलांमध्ये हे प्रमाण 78 टक्के, मुलींमध्ये 85 टक्के. भारताची स्थिती जगाच्या सरासरीहून थोडी बरी निघाली. त्याचे संभाव्य कारण देताना अभ्यासकांनी मुलांच्या बाबतीत क्रिकेटसारख्या खेळाचे नाव घेतले आणि मुलींच्या बाबतीत घरकामाचे. हे वाचून मी बराच वेळ थांबले. केर काढणे, पाणी भरणे, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणे ही शरीराची हालचाल आहे यात शंका नाही. पण भाऊ खेळून आणि बहीण राबून जर एकाच आकड्यात जमा होत असतील, तर त्या आकड्यावर समाधान मानणे मला जमणार नाही.

आमच्या शाळेत फ्लोअरबॉल आला तो दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात. पीटीचे सर कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले होते आणि येताना प्लास्टिकच्या बारा स्टिक आणि पांढऱ्या पोकळ चेंडूंची एक पिशवी घेऊन आले. पावसामुळे मैदान सप्टेंबरपर्यंत बंद, म्हणून त्यांनी शाळेच्या सभागृहात जुने बाक आडवे पाडून चौकोन केला, दोन्ही टोकांना पुठ्ठ्याची खोकी ठेवली आणि सातवीला आत सोडले. मी शेजारच्या वर्गात व्याकरण शिकवत होते. भिंतीपलीकडून येणारा आवाज क्रिकेटचा नव्हता, फुटबॉलचाही नव्हता. कौलांवरच्या पहिल्या सरीसारखा हलका, घाईचा, कोरडा आवाज होता तो. तास संपल्यावर मी डोकावून पाहिले, तर माझा भाचा बाकाला टेकून धापा टाकत होता आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. मी घाबरून पुढे झाले. तो म्हणाला, "आते, थांब, माझी शिफ्ट आहे आता."

त्या 'शिफ्ट' शब्दात या खेळाचे निम्मे मर्म आहे, हे मला पुढे कळले. फ्लोअरबॉलमध्ये एका वेळी प्रत्येक बाजूचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक मैदानात असतात, पण सामन्यासाठी संघात वीसपर्यंत खेळाडू ठेवता येतात, आणि खेळ न थांबवता कितीही वेळा खेळाडू बदलता येतात. खेळ इतका वेगवान असतो की निष्णात खेळाडूही मिनिटभर जीव तोडून खेळतात आणि बाकावर येऊन बसतात. त्यांची जागा दुसरी फळी घेते. म्हणजे बाहेर येणे हा इथे पराभव नाही, ती खेळाची रीतच आहे. आमचे सर पंचेचाळीस सेकंदांनी शिट्टी वाजवतात. पंचेचाळीस सेकंद कोणालाही धावता येते. माझ्या भाच्याला आयुष्यात ज्याची धास्ती वाटत आली होती ते हे की आपण मध्येच दमू आणि सगळ्यांच्या देखत एकटे थांबू; इथे तर सगळेच थांबत होते, तेही ठरल्या वेळी, आणि वर्गातला सर्वांत चपळ मुलगा त्याच्याच शेजारी बसून त्याच्याइतक्याच धापा टाकत होता.

दुसरी गोष्ट चेंडूची. क्रिकेटचा किंवा हॉकीचा चेंडू साधारण 160 ग्रॅमचा असतो. फ्लोअरबॉलचा चेंडू जेमतेम 23 ग्रॅमचा, 72 मिलिमीटर व्यासाचा, पोकळ, आणि त्याला 26 भोके. तो अंगावर आला तर चटका बसतो, पण ज्याच्या मनात चेंडूची भीती बसली आहे त्याला डोळे मिटून तोंड फिरवावे लागत नाही. हॉकीत स्टिकच्या एकाच, सपाट बाजूने चेंडू खेळावा लागतो, त्यामुळे मनगट वळवण्याची जी कला ध्यानचंद यांच्या देशात पूजली जाते ती नवख्या मुलाला महिनोन् महिने छळते. फ्लोअरबॉलच्या स्टिकचे पाते दोन्ही बाजूंनी चालते. पहिल्याच तासाला मुलाला चेंडू ढकलता येतो, अडवता येतो, आणि चुकतमाकत का होईना शेजाऱ्याकडे देता येतो.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत मोलाची वाटते, ती कडेच्या फळ्यांची. अधिकृत मैदान 40 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद असते, आणि त्याला भोवती 50 सेंटिमीटर उंचीच्या, कोपऱ्यांत गोलाई दिलेल्या फळ्या असतात. आमचे सभागृह त्याच्या निम्म्याहूनही लहान, म्हणून आम्ही तिघा-तिघांचा खेळ खेळतो, आणि फळ्यांच्या जागी ते जुने बाक. चेंडू फळीवर आपटून परत आत येतो. अंगणातल्या क्रिकेटमध्ये कच्च्या लिंबाचे मुख्य काम काय असे, हे ज्याने केले आहे त्याला ठाऊक आहे: व्हाळात गेलेला चेंडू शोधून आणायचा. इथे चेंडू आणायला कोणालाच जावे लागत नाही, कारण तो फारसा बाहेर जातच नाही. जो मुलगा धिमा आहे त्याच्याकडेही फळीवरून परतलेला चेंडू आपणहून येतो, आणि चेंडू आला की त्याला काहीतरी करावेच लागते. डावाला त्याने फरक पडतो.

हा खेळ मुळात इतक्या साधेपणाने वाढला आहे की त्याची कहाणी मी वर्गातही सांगते. प्लास्टिकच्या हलक्या स्टिक प्रथम अमेरिकेत, मिनेसोटात, 1958 च्या सुमारास मुलांच्या घरातल्या हॉकीसाठी तयार होऊ लागल्या. त्या स्वीडनला पोहोचल्या आणि 1970 च्या दशकात गोथेनबर्गच्या परिसरातल्या तरुणांनी शाळांच्या व्यायामशाळांत त्यांच्याभोवती खेळ रचला. तिथल्या हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो आणि बाहेर बर्फ असते. बर्फावरच्या हॉकीला बूट, चिलखत, गोठवलेले मैदान असा मोठा खर्च लागतो, तर इथे एक स्टिक आणि पायात साधे बूट असले की झाले. 1981 मध्ये स्वीडनमध्ये राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिच्यानंतरची संघटना शेजारच्या देशात झाली नाही, ती 1983 मध्ये थेट जपानमध्ये झाली, ही मला नेहमीच कुतूहलाची बाब वाटत आली आहे. फिनलंड आणि स्वित्झर्लंड 1985 मध्ये आले. 1986 च्या एप्रिलमध्ये हुस्कवार्ना या स्वीडिश गावी स्वीडन, फिनलंड आणि स्वित्झर्लंड अशा तीनच देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय महासंघ काढला. दहा वर्षांनी स्टॉकहोमला पुरुषांची पहिली जागतिक स्पर्धा झाली तेव्हा अंतिम सामना पाहायला 15 हजारांहून अधिक माणसे जमली होती, आणि पुढच्याच वर्षी स्त्रियांची जागतिक स्पर्धा सुरू झाली. जिथे अनेक खेळांत स्त्रियांना दशकानुदशके वाट पाहावी लागली, तिथे हे एक वर्षाचे अंतर मला लक्षणीय वाटते. आज महासंघात 75 हून अधिक देशांच्या संघटना आहेत, त्यांत भारतही आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2011 मध्ये महासंघाला पूर्ण मान्यता दिली, मात्र ऑलिंपिकच्या मैदानात हा खेळ अद्याप उतरलेला नाही.

थंड देशांचा खेळ इथल्या दमट हवेत कसा रुजेल, असे आमच्या एका सहकाऱ्यांनी विचारले होते. सिंगापूर तर आपल्याहूनही दमट. पाऊस तिथे बाराही महिने. तिथल्या शाळांनी हा खेळ आपलासा केला, आणि 2015 मध्ये सिंगापूरला झालेल्या आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धांत तो पदकांसाठी खेळला गेला. मला स्वतःला स्वीडनचा हिवाळा आणि गोव्याचा पावसाळा यांत मोठे साम्य दिसते. आमच्याकडे वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक मिरगापासून चवथीपर्यंत, म्हणजे मृग नक्षत्रापासून गणेशचतुर्थीपर्यंत; ते तीन-चार महिने मूल घरात, बसमध्ये आणि वर्गात बसलेले असते, आणि बसण्याची सवय अंगात मुरली की दसऱ्यानंतरच्या कोरड्या मैदानावरही ते उतरत नाही. पाऊस हा आमचा हिवाळा आहे. स्वीडनच्या लोकांनी आपल्या हिवाळ्यासाठी खेळ शोधला; आम्ही आमच्या पावसाळ्यासाठी शोधला नव्हता.

जागा मात्र आहे. म्हापशाच्या पेडे येथील, नावेलीतील आणि ताळगावातील मोठ्या क्रीडागृहांविषयी मी बोलत नाही. ती गावातल्या मुलाला दूर पडतात. मी म्हणते आहे ती गावोगावची सभागृहे. आमच्या भागात जत्रेला नाटक होत नाही असे गाव विरळा, आणि नाटक आले म्हणजे तालमीला आडोसा आला. पंचायतीचे, देवस्थानाचे किंवा नाट्यमंडळाचे एक छप्पर बहुतेक वाड्यांच्या आसपास असतेच, आणि तालमी सुरू होतात त्या रात्री जेवणे उरकल्यावर. संध्याकाळी पाच ते सात ही सभागृहे कुलूप लावून उभी असतात. आमच्या गावच्या मंडळाकडे आम्ही किल्ली मागायला गेलो तेव्हा एका वयोवृद्ध नटाने विचारले, "मॅडम, आपली लगोरी काय वाईट होती?" प्रश्न रास्त होता. 2023 मध्ये गोव्यात राष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाल्या तेव्हा लगोरीचे प्रात्यक्षिक सामने झाले होते आणि पुण्यात जन्मलेला, चाकांच्या स्केट्सवर खेळायचा रोलबॉल त्याच स्पर्धांत खेळला गेला होता. आपल्या मातीतल्या खेळांचा मला अभिमान आहे. मी त्यांना म्हटले, लगोरी कोरड्या अंगणात खेळूच, पण अंगण चार महिने पाण्याखाली असते आणि लगोरीत चेंडू पाठीत बसण्याच्या भीतीनेच कच्ची मुले घरी पळतात. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि फरशी पुसून ठेवण्याच्या अटीवर किल्ली दिली.

फरशी पुसण्याची अट त्यांनी स्वच्छतेसाठी घातली होती. आम्हाला ती सुरक्षिततेसाठी फार उपयोगी पडली. पावसाळ्यात आमच्या फरशा ओल धरतात, आणि या खेळात एकदम थांबणे, वळणे आणि पुन्हा पळणे सतत चालू असते. इजा प्रामुख्याने घोट्याला आणि गुडघ्याला होते, तीही पुष्कळदा कोणाचा धक्का न लागता. फिनलंडमध्ये महिला खेळाडूंच्या 28 संघांवर केलेला एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खेळाआधी तोल सांभाळण्याचे, उडी मारून नीट उतरण्याचे आणि स्नायू बळकट करण्याचे व्यायाम नियमित करणाऱ्या संघांत अशा धक्क्याविना होणाऱ्या पायाच्या इजा सुमारे दोन-तृतीयांशाने कमी आढळल्या. सरांनी हे व्यायाम पहिल्या दिवसापासून लावले. स्टिक कमरेच्या वर उगारायची नाही, दुसऱ्याच्या स्टिकवर स्टिक मारायची नाही, हेही त्यांनी इतके पक्के केले आहे की मुले एकमेकांना त्यावरून टोकतात. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा असे मला मनापासून वाटते. ते आमच्याकडे अजून सहाच आहेत, ते आळीपाळीने वापरतो.

मुलींविषयी मला थोडे अधिक लिहावेसे वाटते. आठवीत आल्या की आमच्या मुली मैदानाच्या कडेला जाऊन उभ्या राहतात. कोणी त्यांना हाकलत नाही. कपडे, पाळी, रस्त्यावरून जाणारे डोळे आणि घरी लवकर पोहोचण्याचा धाक यांनी मिळून ते काम केलेले असते. सभागृहाला दारे आहेत ही गोष्ट त्यांच्यासाठी केवढी मोठी ठरली! पहिल्या महिन्यात चार मुली आल्या, त्याही ओढणी कमरेला बांधून. आज सतरा येतात. त्यांच्यातली एक, जी घरी चार भावंडांचे करते आणि वर्गात मान वर करून बोलत नाही, ती गुडघ्यांवर बसून गोल राखते. या खेळात गोलरक्षकाच्या हाती स्टिक नसते; 160 सेंटिमीटर रुंद आणि 115 सेंटिमीटर उंच अशा गोलासमोर तो गुडघ्यांवर बसतो आणि हातांनी, छातीने, पायांनी चेंडू अडवतो. ती मुलगी तिथून ज्या आवाजात आपल्या संघाला ओरडून सूचना देते, तो तिचा आवाज मी दोन वर्षे शिकवूनही ऐकला नव्हता. आमच्या गटात समज थोडी उशिरा येणारा एक मुलगाही आहे. स्पेशल ऑलिंपिक्सच्या 2017 च्या ऑस्ट्रियातील हिवाळी जागतिक स्पर्धांत फ्लोअरबॉल खेळला गेला होता, हे सरांनी त्याच्या आईला सांगितले तेव्हा ती पुढच्या वेळी त्याला नवे बूट घालून घेऊन आली.

आता एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. शारीरिक शिक्षणाचे आठवड्याला मिळणारे तास आधीच थोडे, आणि बावीस वर्षांत मी त्यांतले कितीतरी मागून घेतले आहेत. चाचणी जवळ आली, पाठ मागे राहिले, की मी पीटीच्या सरांकडे जायची आणि ते "घ्या टीचर" म्हणून तास द्यायचे. गणिताच्या, विज्ञानाच्या शिक्षकांनीही हेच केले. मुले कुरकुरायची, तेव्हा मला वाटे की ती अभ्यासाला कंटाळली आहेत. भाच्याची पायऱ्यांवरची धाप ऐकेपर्यंत माझ्या मनात आले नव्हते की मी मागून घेतलेल्या तासांत असेच एखादे मूल असेल, ज्याला दिवसभरात हलायला मिळणारी तेवढीच पस्तीस मिनिटे होती. त्या मुलांची भरपाई मला करता येणार नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये चवथीच्या सुट्टीआधीचा शुक्रवार होता. माझे दोन पाठ मागे होते आणि सहावा तास पीटीचा होता. सर स्वतःच शिक्षक-कक्षात आले आणि सवयीने म्हणाले, "टीचर, तास हवा तर घ्या." मी नको म्हटले. मग ते जरा घुटमळले आणि म्हणाले की आज गुण लिहायला कोणी मिळत नाही, कारण लिहायला बाहेर बसायची कोणाचीच तयारी नाही. मी पेन घेऊन त्यांच्याबरोबर गेले. आडव्या बाकांच्या बाहेर एक खुर्ची होती आणि खुर्चीवर वही. बाहेर पाऊस कौले फोडील असा पडत होता, त्यामुळे शिट्टी नीट ऐकू येत नव्हती आणि मुले सरांच्या वर केलेल्या हाताकडे पाहून आत-बाहेर करत होती. त्या तासात भाच्याच्या नावापुढे एकही गोल लागला नाही. दोनदा त्याच्याकडून चेंडू सुटला, एकदा तो पडला आणि उठला. त्याच्या शिफ्टा मी मुद्दाम मोजल्या. त्या अकरा भरल्या.

अकरा गुणिले पंचेचाळीस सेकंद म्हणजे सव्वाआठ मिनिटे. साठ मिनिटांच्या पुढे हा आकडा किती लहान आहे, हे मला तिथल्या तिथे दिसले, आणि त्यालाही मी ते वहीत मांडून दाखवले. शाळा सुटेपर्यंत पाऊस ओसरला होता. त्याने दप्तर पाठीला लावले, बालरथाच्या रांगेकडे एकदा पाहिले आणि विचारले, "आते, तुझी स्कूटर आज इथेच राहिली तर चालेल?" आम्ही वाळवंटी नदीच्या काठाने चालत घरी आलो. मध्ये दोनदा थांबावे लागले, एकदा त्याला आणि एकदा मला.